लाल विंचू: पहिले नऊ तास

पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाट उतरला, की महाडच्या अलीकडे बिरवाडी लागतं. १९७६ साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिम्मतराव साळूबा बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे, एमबीबीएस नागपूरचं. कोकणात रात्री-अपरात्री त्यांच्यासमोर येणारी मुलं विंचू चावलेली असत आणि त्यांतली बरीच सकाळ पाहत नसत.

मी पुण्यात वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी शिकवते. मज्जातंतू, आयन, न्यूरोट्रान्समीटर हे धडे मुलांना कोरडे वाटतात, आणि दर वर्षी मी ते याच गोष्टीतून शिकवते. खालचा मुलगा कुणी एक नाही. त्या काळी लाल विंचवाने डसलेल्या मुलांमध्ये लक्षणं ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने येत, ती मी एका घरात, एका रात्रीत आणून ठेवली आहेत. साल धरा १९७६, महिना मे.

रात्री ८:४०

आठ वर्षांचा मुलगा, वजन वीसेक किलो. अंथरूण घालायचं म्हणून त्याने दांडीवरची गोधडी ओढली. घडीत विंचू होता. तांबूस, करंगळीएवढा, नांग्या बारीक आणि शेपूट मात्र जाड. गावात भीती असते ती काळ्या इंगळीची, कारण ती दांडगी दिसते. इंगळी चावली तर माणूस रात्रभर तळमळतो, पण बहुधा उठून कामाला जातो. जीव घेतो तो हा किरकोळ दिसणारा लाल. शास्त्रज्ञ त्याला पूर्वी मेसोब्युथस टॅम्युलस म्हणत, आता हॉटेनटोटा टॅम्युलस म्हणतात.

डंख उजव्या हाताच्या बोटाला. विषाचा जेमतेम थेंबभर अंश.

८:४० आणि एका सेकंदाचा हजारावा भाग

इथे मला थांबावंच लागतं, कारण पुढच्या नऊ तासांत जे होणार आहे ते सगळं याच एका क्षणाचं मोठं झालेलं रूप आहे.

मज्जातंतूच्या बाहेर सोडियम दाट असतो, आत विरळ: बाहेर एका लिटरला साधारण १४५ मिलिमोल, आत दहा-पंधरा. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सत्तरेक मिलिव्होल्टने ऋण. म्हणजे सोडियमला आत शिरायची दुहेरी ओढ आहे, फक्त दारं बंद आहेत. संदेश येतो तेव्हा ही दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, आणि जेमतेम एका मिलिसेकंदात दाराला आतून आपोआप आगळ बसते. ही आगळ बसणं फार महत्त्वाचं. ती बसते म्हणून एका चिमट्याचा एक संदेश जातो, शंभर जात नाहीत.

लाल विंचवाच्या विषात छोट्या प्रथिनांचा एक गट आहे, त्याला अल्फा टॉक्सिन म्हणतात. ते सोडियमच्या दाराच्या बाहेरच्या अंगाला चिकटतात आणि आगळ बसू देत नाहीत. दार उघडं ते उघडंच. तंतू एकदा पेटला की पुन्हा पुन्हा पेटत राहतो.

विष तिथेच थांबत नाही. १९९० साली याच विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा काढण्यात आला, आयबेरिओटॉक्सिन. तो पोटॅशियमची एक विशिष्ट वाट बुजवतो. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम वाढलं की ही वाट उघडते, पोटॅशियम बाहेर जातो आणि टोक शांत होतं. तिथला तो ब्रेकच आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळा ही वाट बंद करून पाहायची असेल तेव्हा आयबेरिओटॉक्सिन वापरतात. आपल्या माळरानावरच्या जिवाने जगाला दिलेलं हे हत्यार आहे, आणि त्या रात्री ते एका मुलाच्या अंगात आहे. एक विषकण दार लावू देत नाही, दुसरा ब्रेक तोडतो.

आता टोकाकडे. तिथे निरोप नेणाऱ्या रसायनाने, म्हणजे न्यूरोट्रान्समीटरने, भरलेल्या सूक्ष्म पिशव्या रांगेत उभ्या असतात. त्या फुटायला लागतं कॅल्शियम. बाहेरच्या मानाने आत ते दहा हजारपट विरळ असतं, म्हणून किंचित जरी आत आलं तरी तो मोठा निरोप ठरतो. मी विद्यार्थिनी असताना आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं होतं. काजळी धरलेला कागद गुंडाळलेला ड्रम फिरायचा, बेडकाच्या पोटरीच्या स्नायूला बांधलेली सुई त्या काजळीवर पांढरी रेघ ओढायची. मज्जातंतूला विजेचा हलका झटका दिला की सुई उडायची. मग सरांनी द्रावण बदललं, कॅल्शियम वगळलेलं घातलं. झटका दिला, सुई जागची हलली नाही. झटका थेट स्नायूला दिला तर मात्र उडाली. म्हणजे स्नायू जिवंत होता, तंतूही पेटत होता, फक्त दोघांमधला निरोप बंद झाला होता. कॅल्शियमचे थेंब पडले आणि सुई पुन्हा उडू लागली. मॅग्नेशियम जास्त घातलं तरी ती तशीच गप्प होते, कारण मॅग्नेशियम कॅल्शियमची वाट अडवतं.

कॅल्शियमचा हा गुण सिडनी रिंगर यांना लंडनमध्ये १८८३च्या सुमारास योगायोगाने कळला. शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात द्रावण केलं गेलं आणि बेडकाचं हृदय धडधडत राहिलं, कारण त्या पाण्यात कॅल्शियम होतं. तंतू रसायनातून बोलतो हे ओटो लोवींनी १९२१ साली दोन बेडकांच्या हृदयांवर दाखवलं. आणि पिशव्या फुटायला नेमकं कॅल्शियमच आत यावं लागतं, हे बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेडींनी १९६०च्या दशकात उकललं. कॅट्झ यांना १९७० साली नोबेल मिळालं. १९६७ साली डॉज आणि रहामिमॉफ यांनी मोजून दाखवलं, की बेडकाच्या तंतूवर कॅल्शियम कमी असताना रसायनाचं सुटणं कॅल्शियमच्या चौथ्या घाताने वाढतं. दुप्पट कॅल्शियम, तर सोळापट रसायन.

हा आकडा लक्षात ठेवून पुढची रात्र वाचा. दार जरासं जास्त वेळ उघडं राहिलं, तर रसायन जरासं जास्त सुटत नाही. पूर येतो.

८:५०

मुलगा ओरडून ओरडून थकला आहे. बोटावर नुसतं टिचकी मारल्यासारखं केलं तरी तो हात झटकून घेतो. दंशाची खूण दिसत नाही, सूज नाही. पण कपाळावर, मानेवर, पाठीवर घाम फुटलाय, आणि तो थेंबाथेंबाने नाही. सदरा पिळून काढावा असा.

एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात अंगाला घाम आल्याचा उल्लेख येतो. नाथांचा विंचू कामक्रोधाचा आहे हे खरंच. पण पैठणसारख्या मुलखात राहणाऱ्या माणसाला विंचवाने डसलेला माणूस घामाने भिजतो हे ठाऊक होतं, आणि ते त्याने नेमकं टिपलं. घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या तंतूंतून अॅसिटिलकोलिन सुटतं, म्हणून घाम. पुराचं पहिलं पाणी.

९:१५

भगत आला. विंचू उतरवायचा म्हणून खांद्यापासून बोटाकडे हात फिरवतोय, पुटपुटतोय. अर्ध्या तासात मुलगा म्हणतो, "आता कमी दुखतंय."

घरातल्यांना वाटलं, उतरला.

या एका वाक्याने कोकणात किती मुलं गेली असतील, याचा विचार मला अजून झोपू देत नाही. लाल विंचवाच्या बाबतीत नुसतंच असह्य दुखणं हे बहुधा चांगलं लक्षण असतं. विष बोटाशी राहिलंय, असा त्याचा अर्थ. ज्या मुलाचं दुखणं ओसरतं आणि घाम मात्र थांबत नाही, त्याचा विंचू उतरलेला नसतो, आत गेलेला असतो. भगताला हे कळायचं कारण नव्हतं. त्या वेळी बऱ्याच डॉक्टरांनाही कळत नव्हतं.

९:४५

पहिली उलटी. मग दुसरी. तोंडातून लाळ गळतेय, उशी ओली झालीय. नाडी मंद. आणि आई चटकन पंचा ओढून त्याची कंबर झाकते, कारण एवढ्याशा पोराचं लिंग ताठ झालंय आणि घरात चारचौघं बसलेत.

त्या पंच्याखाली रोगाचं निदान आहे. उलटी, लाळ, घाम, मंद नाडी आणि हे ताठ होणं ही सगळी एकाच गोष्टीची चिन्हं: शरीराचे स्वयंचलित तंतू, जे आपल्या इच्छेवर चालत नाहीत, ते एकदम सुटले आहेत. आई लाजेने सांगत नाही, डॉक्टर संकोचाने पाहत नाही, आणि तास जातो.

११:००

बैलगाडीतून आरोग्य केंद्रात. हात-पाय बर्फासारखे थंड. मे महिन्याच्या उकाड्यात, घामाने निथळणाऱ्या पोराची पावलं थंड! नाडी आता मंद नाही, धावतेय. रक्तदाब या वयाला कधी नसतो इतका चढलेला.

झालं असं, की पुराचा दुसरा लोंढा आला आहे. अनुकंपी (सिम्पथेटिक) तंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनॅलिन, आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रेनल ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन, दोन्ही धो धो. अॅड्रेनल ग्रंथीला सुद्धा तंतूच्या अॅसिटिलकोलिननेच हुकूम मिळतो. त्या तंतूंची दारंही उघडीच अडकली आहेत. नॉरअॅड्रेनॅलिन रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरच्या अल्फा-१ ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरवर, बसतं आणि वाहिन्या आवळतं. म्हणून पावलं थंड. म्हणून दाब.

लाळ आणि घाम पाहून त्या काळी बऱ्याच ठिकाणी अॅट्रोपिन टोचलं जाई. अॅट्रोपिन अॅसिटिलकोलिनला अडवतं, लाळ सुकते, पाहणाऱ्याला बरं वाटतं. पण मंद नाडीचा जो काही लगाम शिल्लक होता तोही सुटतो, आणि धावणारं हृदय आणखी धावतं. बोटात भूल देणंही चाले. लिग्नोकेन सोडियमची तीच दारं बंद करतं, त्यामुळे बोट शांत होतं. पण वादळ आता बोटात उरलेलंच नाही.

पहाटे १:००

मुलगा गप्प आहे. घरच्यांना झोप लागली असं वाटतं.

छातीला कान लावला तर घोडा दौडतो तसा तिहेरी ठोका. हृदयाला आता दोन हुकूम आहेत: जोरात धाव, आणि आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकल. बागेच्या पाइपावर अंगठा दाबून धरावा आणि दुसऱ्या टोकाने पंप दुप्पट वेगाने चालवावा, तसं. डावा कप्पा थकतो. रक्त पुढे जात नाही, मागे साचतं. मागे आहेत फुप्फुसं.

३:१०

खोकला सुरू झाला. मूल आडवं पडायला तयार नाही, बसवा म्हणतं. श्वासाबरोबर छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज. ओठ निळे. मग तोंडाशी फेस आला, गुलाबी.

फुप्फुसांत पाणी भरणं हे विंचवाच्या दंशातलं मरण आहे, हे डॉ. पी. एम. मुंडले यांनी १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. पण ते वाचूनही हातात काय घ्यायचं, याचं उत्तर नव्हतं. गंभीर झालेल्या रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस मरत.

५:३०

अंगण उजाडतंय. श्वास थांबला.

विंचवाच्या विषाने हृदय फाडलं नाही, फुप्फुस जाळलं नाही. मुलाच्या स्वतःच्या रसायनांनी, त्याच्या स्वतःच्या तंतूंतून सुटून, त्याला बुडवलं.

एक डॉक्टर उशाशी बसतो

बावस्करांनी जे केलं ते आज ऐकायला साधं वाटतं. ते रात्रभर रुग्णाजवळ बसले. किती वाजता घाम, किती वाजता उलटी, पावलं कधी गार पडली, नाडी कधी वळली, हे वहीत लिहीत गेले. यंत्रं नव्हती. डोळे, बोटं, स्टेथोस्कोप आणि रक्तदाब मोजायचा पट्टा. त्यातून दिसलं, की मरणाच्या कित्येक तास आधी शरीर निरोप पाठवत असतं: उलटी, भरपूर घाम, थंड पावलं, लिंगाचं ताठ होणं. १९८२ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. जगातल्या सर्वांत जुन्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात महाड तालुक्यातल्या खाटांवरची ही नोंद.

एम.डी. करायला ते पुण्यात आले, ससूनला लागून असलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात. पुण्यात पदवी घेऊन पुण्यातच दवाखाना थाटणं सोपं होतं. ते महाडला परत गेले. आजही या शहरात शिकलेल्या प्रत्येक डॉक्टरने हे मनावर घ्यावं असं मला वाटतं, आणि वर्गात मी ते बोलून दाखवते.

आता औषधाचा प्रश्न. उघडं दार बंद करणारं औषध हाताशी नव्हतं. सगळ्या अंगातली सोडियमची दारं बंद करायची म्हणजे हृदयही बंद पाडायचं. सुटलेलं रसायन परत पिशवीत भरता येत नाही. मग उरतं एकच ठिकाण: रसायन जिथे जाऊन बसतं ती खुर्ची. अल्फा-१ ग्राहक अडवला, तर पूर येऊ दे, वाहिन्या आवळणार नाहीत.

अल्फा ग्राहक अडवणारी औषधं जुनी होती, पण ती सरसकट सगळ्याच अल्फा खुर्च्या अडवत. त्यात एक गोम आहे, आणि मला ती सगळ्या गोष्टीत सर्वांत सुंदर वाटते. नॉरअॅड्रेनॅलिन सोडणाऱ्या तंतूच्या टोकावरच एक दुसरी खुर्ची असते, अल्फा-२. बाहेर रसायन फार झालं की ते मागे वळून या खुर्चीवर बसतं आणि तंतूला सांगतं, पुरे. कॅल्शियमचं आत येणं कमी होतं, सुटणं मंदावतं. फेन्टोलामाइनसारखं जुनं औषध ही खुर्चीही अडवतं, म्हणजे तंतूला पुरे म्हणणारं कुणी राहत नाही आणि तो आणखी सोडतो. १९७०च्या दशकात रक्तदाबासाठी बाजारात आलेलं प्राझोसिन मात्र अल्फा-१ अडवतं आणि अल्फा-२ला बहुतांशी हात लावत नाही. वाहिनी सैल होते आणि तंतूचा स्वतःचा लगाम शाबूत राहतो. विंचवाने दोन गोष्टी बिघडवल्या होत्या. या गोळीने तिसरी बिघडू दिली नाही.

ती रक्तदाबाची गोळी बावस्कर पतीपत्नींनी महाडला विंचवाच्या रुग्णांना दिली. डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा तो अनुभव १९८६ साली लॅन्सेटमध्ये आला. गंभीर रुग्णांतलं मरणाचं प्रमाण पुढे एका टक्क्याच्या खाली आलं. २०२२ साली हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली. तोवर त्या गोळीवर जगलेली कित्येक मुलं आईबाप झाली होती.

आता तेच घड्याळ पुन्हा लावू. साल आत्ताचं, जागा पुण्याची कड. कात्रजच्या पलीकडे टेकडी फोडून इमारती उभ्या राहतात तिथली मजुरांची वस्ती. रचलेल्या विटा, फरशा, बांबू, पत्रे. विंचवाला याहून चांगलं घर नाही. शहर डोंगरात शिरतं तेव्हा तो कुठे जात नाही, तिथेच असतो.

रात्री ८:४०

तसाच मुलगा, वीस किलोचा. चप्पल झटकली नाही, पाय घातला.

८:५५

शेजारच्याने मोबाइलचा उजेड पाडून विंचू पाहिला, तांबडा. मारला नाही, चिरलं नाही, दोरी आवळली नाही. पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवून निघाले. बोट असो की पाय, चिरून विष निघत नाही. आवळून बांधल्याने पायच धोक्यात येतो.

९:२०

दवाखाना छोटा, डॉक्टर तरुण, नुकतीच पदवी घेतलेली. तिने आधी पायाच्या बोटाकडे पाहिलं नाही. पाठीवरून हात फिरवला, ओला लागला. पावलाला हात लावला, गार. आईला विचारलं, "ताई, उलटी झाली का?" एकदा झाली होती. मग शांतपणे म्हणाली, "चड्डी जरा सैल करते हं बाळा, घाबरू नको." आणि पाहिलं.

चार खुणा, दोन मिनिटं. १९७६ साली हे कळायला रात्र गेली होती.

९:२५

प्राझोसिन, किलोला ३० मायक्रोग्रॅम. या मुलाला ६००. साधी गोळी लागते, हळूहळू विरघळणारी रक्तदाबाची मोठी गोळी इथे कामाची नाही. उलटीत बाहेर पडली असेल तर पुन्हा द्यायची. हे घरी करायचं काम नाही, रक्तदाब मोजत बसणाऱ्याचं आहे. पहिल्या गोळीनंतर दाब एकदम घसरू शकतो. म्हणून आईने पोराला उचलून कडेवर घ्यायला हात पुढे केला, तेव्हा डॉक्टरने तिचा हात हळूच धरला. "झोपूनच राहू द्या. तुम्ही इथे उशाशी बसा, त्याला पाणी घोटघोट पाजा." घामाने आणि उलटीने पोर सुकलेलं असतं.

९:५०

दुसरं औषध सलाइनमधून सुरू झालं, लाल विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. त्याचा पुण्याशी जुना संबंध आहे. हाफकिन संस्थेच्या पिंपरीतल्या आवारात प्रतिसीरमसाठी घोडे पाळले जात आले आहेत. घोड्याला विषाची थोडीथोडी मात्रा देत जायचं, त्याचं रक्त उत्तर तयार करतं, ते गाळून कुपीत भरायचं. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे घोडेही एके काळी हाफकिनला जात, आणि १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली त्याचं मूळही तिथेच आहे.

प्रतिविष आणि प्राझोसिन एकमेकांचं काम करत नाहीत. प्रतिविष रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं, म्हणजे नवी दारं अडकत नाहीत. सुटून गेलेल्या रसायनाचं ते काही करू शकत नाही. प्राझोसिन सुटलेल्या रसायनाला बसू देत नाही. विषाला मात्र हात लावत नाही. बावस्करांनी महाडला ७० रुग्णांवर हे तपासलं आणि २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे होते. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. नुसत्या गोळीवरचेही बरे झाले, पण सरासरी १७.७ तास लागले. दोन्ही मिळालेल्यांना ८. ज्या दवाखान्यात प्रतिविषाची कुपी नाही तिथे गोळीवर निभावतं, हा या आकड्यांतला दिलासा आहे. गोळीच्या आधी आलेला भगत मात्र परवडत नाही.

रात्री ११:००

रक्तदाब उतरायला लागला. पावलं अजून गार. नाडी धावतेय, पण छातीत तिहेरी ठोका नाही.

१२:२५

तीन तास झाले. प्राझोसिनची दुसरी मात्रा. डॉक्टरने अंगठ्याने पोराची टाच दाबली, सोडली. पांढरी झालेली जागा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मनातल्या मनात मोजलं. मघापेक्षा लवकर.

पहाटे ३:१०

हाच तो तास. फुप्फुसांवर स्टेथोस्कोप ठेवून ती बराच वेळ वाकून राहिली. मागून, पुढून, काखेत. कोरडं. आई डोळे फाडून तिच्या तोंडाकडे पाहत होती, म्हणून तिने मान वर करून आधी तिला सांगितलं, "पाणी नाही भरलेलं, ताई."

५:३०

घाम थांबला. पाठ सुकली. पावलांना हात लावला तर ऊब आहे, बोटाबोटापर्यंत.

मुलगा जागा झाला आणि रडायला लागला. पायाचं बोट भयंकर दुखतंय म्हणाला, जिथे चावला तिथेच, आणि आई घाबरून उठली. डॉक्टर मात्र खुर्चीत टेकली. रात्रभरात पहिल्यांदा दुखणं बोटाशी परत आलं होतं.